कक्षेतील कचरा पकडणाऱ्या यंत्रमानवासाठी : इस्रोच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बेंगळुरू

विषय : अवकाशातील कचरा पकडणाऱ्या यांत्रिक हाताला प्रयोगाच्या पायरीवरून पूर्ण मोहिमेच्या पायरीवर नेण्याबाबत

महोदय,

अवकाश संशोधनाचा बहुतांश पल्ला आजवर माणसाने स्वतः न जाता यंत्रमानवाला पुढे धाडून गाठला आहे. येथे यंत्रमानव ही संज्ञा माणसासारखा चेहरा व हातपाय असलेल्या यंत्रापुरती मर्यादित नाही. भोवतालची स्थिती संवेदकांच्या साहाय्याने टिपणारे, तिचा अर्थ लावणारे आणि प्रत्येक हालचालीसाठी जमिनीवरील आज्ञेची वाट न पाहता काम पुढे नेणारे कोणतेही यंत्र तिच्यात मोडते. या अर्थाने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरून सुमारे शंभर मीटर फिरलेली आणि तेथील मातीत गंधक असल्याचे दाखवून देणारी २६ किलो वजनाची ‘प्रज्ञान’ बग्गी हा यंत्रमानवच होय, आणि गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी घडवलेली ‘व्योममित्र’ ही अर्धाकृतीही त्याच कुळातील आहे. या दोहोंचे देशभर कौतुक झाले व ते रास्तच आहे. परंतु याच कुळातील तिसरे यंत्र, म्हणजे कक्षेत भरकटणारा कचरा पकडणारा यांत्रिक हात, त्या मानाने चर्चेबाहेर राहिले. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांचा अवकाशयुगाशी थेट संबंध आला तो नेमका अशा कचऱ्यातून, आणि म्हणूनच या तिसऱ्या यंत्राची मागणी या भागातून होणे स्वाभाविक आहे.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री आठच्या सुमारास, विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत आकाशातून जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा हजारो लोकांनी पाहिल्या. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे व चाळीस किलोंहून अधिक वजनाचे धातूचे कडे येऊन पडले, आणि त्याच तालुक्यात पवनपारच्या परिसरात सुमारे दीड फूट व्यासाचा एक गोळा सापडला. पुढील काही दिवसांत असेच आणखी गोळे मिळाले. कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले आणि आठवडाभरात इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्याची पाहणी केली. कृत्रिम उपग्रहांची नोंद ठेवणारे, त्या वेळी हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडण्यात आलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे मत नोंदवले. त्या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो आणि लाडबोरीच्या कड्याचे माप त्याच्याशी जुळते.

अग्निबाण एकसंध नसतो. तो एकावर एक रचलेल्या टप्प्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक टप्पा आपले इंधन संपले की गळून पडतो. खालचे टप्पे उड्डाणानंतर काही मिनिटांतच, आधी ठरवलेल्या क्षेत्रात कोसळतात. शेवटचा टप्पा मात्र उपग्रहाबरोबर कक्षेपर्यंत जातो आणि त्याला सोडून दिल्यावर स्वतः तेथेच फिरत राहतो. वातावरणाच्या अतिविरळ वरच्या थरांशी होणाऱ्या घर्षणाने त्याचा वेग हळूहळू घटतो, कक्षा खाली येत जाते आणि अखेर तो दाट हवेत शिरून जळतो. सर्वच भाग जळत नाहीत. उच्च दाबाखाली वायू साठवण्यासाठी केलेले टायटॅनियमचे किंवा कार्बनतंतूंच्या वेष्टनाचे गोळे ही उष्णता सोसून जमिनीपर्यंत पोचतात, आणि जाड धातूची कडीही कधीकधी तशीच तग धरतात. सिंदेवाही तालुक्यात जे सापडले, त्याचे स्वरूप या वर्णनाशी जुळणारे आहे.

असा निर्जीव टप्पा नेमका कोठे पडेल, हे शेवटच्या काही मिनिटांपर्यंत सांगता येत नाही. सूर्याच्या कमीजास्त होणाऱ्या प्रभावाने वातावरणाचा वरचा थर फुगतो व आकसतो, गडगडत येणाऱ्या वस्तूचे हवेला भिडणारे क्षेत्रफळ क्षणाक्षणाला बदलते, आणि या दोहोंमुळे भाकितात एका तासाची जरी चूक राहिली, तरी ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने जाणारी ती वस्तू पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याहून अधिक अंतर पार करून गेलेली असते. दुसरी गोष्ट कक्षेच्या कलाची आहे. कक्षेचा विषुववृत्ताशी जितक्या अंशांचा कोन असतो, तितक्याच अक्षांशांपर्यंत ती वस्तू उत्तरेस व दक्षिणेस जाते. चीनचे शीचांग हे उड्डाणकेंद्र सुमारे २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथून निघालेल्या अग्निबाणाची कक्षा सहसा याहून कमी कललेली नसते; सिंदेवाही वीस अंशांच्या किंचित वर आहे. म्हणजे चंद्रपूर व गडचिरोलीवरून असे अवशेष जाणे ही विरळा घटना नव्हे, ते रोजच जात असतात. विरळा असते ते त्यांचे तेथे खाली येणे.

या जिल्ह्यांत आकाशाखाली उघड्यावर असणाऱ्या माणसांचे प्रमाण मोठे असते, याचाही विचार व्हावयास हवा. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे आणि चंद्रपूरच्या पूर्वेकडील सिंदेवाही, ब्रह्मपुरी, नागभीड, सावली, मूल या तालुक्यांत धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव आणि जंगल एकमेकांना लागूनच आहेत. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती उन्हाने सुकण्यापूर्वी, तसेच हरणांनी व रानडुकरांनी खाण्यापूर्वी वेचावी लागतात. त्यामुळे बाया, म्हातारी माणसे आणि पोरे अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, आणि खाली वाकून एकेक फूल वेचणाऱ्या माणसाला झुडपाआडच्या वाघाची चाहूल लागत नाही, म्हणून दरवर्षी या हंगामात जीव जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीसाठी गावेच्या गावे जंगलात असतात. अवकाशातून पडणारी वस्तू नेमकी एखाद्या माणसावर पडण्याची शक्यता अत्यल्प आहे, वाघाच्या धोक्याशी तर तिची तुलनाही होऊ शकत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. तथापि वाघ या जंगलाचाच रहिवासी आहे आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची रीत येथील माणसाने पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. अग्निबाणाचा टप्पा निष्काळजीपणे वर सोडून देण्याचा निर्णय मात्र हजारो किलोमीटर दूर घेतला जातो आणि त्यात या माणसाला काडीचाही वाव नसतो. धोका लहान असला, तरी तो कोणी कोणावर लादला, हा प्रश्न त्याने लहान होत नाही.

अशा घटनेचा जुना आणि ठळक दाखला कॅनडाचा आहे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील हिमाच्छादित प्रदेशात कोसळला आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे सुमारे सव्वा लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात शोधावे लागले. तोही विरळ वस्तीचा, शिकार व मासेमारीवर जगणाऱ्या आदिवासी समाजांचा मुलूख होता. १९७२ च्या दायित्व कराराने अवकाशातील वस्तूमुळे भूपृष्ठावर झालेल्या हानीची संपूर्ण जबाबदारी, चूक सिद्ध करण्याची अट न घालता, ती वस्तू सोडणाऱ्या राष्ट्रावर टाकली आहे. त्याच्या आधारे कॅनडाने साठ लाख डॉलरहून अधिक रकमेचा दावा केला आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. कायदा हानी झाल्यावर भरपाईची वाट दाखवतो. हानी होऊच नये यासाठी लागते ते तंत्र, आणि यंत्रमानवाचा प्रश्न तेथे सुरू होतो.

तंत्राकडे वळण्यापूर्वी भारताच्या स्वतःच्या खात्याकडे पाहणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २२ ऑक्टोबर २००१ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी३ या अग्निबाणाचा चौथा टप्पा उपग्रह सोडून दिल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. टाक्यांत उरलेले इंधन व दाब हे अशा स्फोटांचे नेहमीचे कारण असते. म्हणून काम संपताच उरलेले इंधन बाहेर सोडून टप्पा निर्धोक करण्याची पद्धत इस्रोने पुढे स्वीकारली. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील जुरियन बे जवळच्या किनाऱ्यावर सापडलेला मोठा धातूचा दंडगोल पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचे तेथील अवकाश संस्थेने जाहीर केले. त्या किनाऱ्यावरील माणसाचा प्रश्न आणि लाडबोरीतील माणसाचा प्रश्न एकच आहे. एकाची बाजू घ्यायची आणि दुसऱ्याची टाळायची, हे न्यायाला धरून होणार नाही.

याच खात्याची जमेची बाजूही तितकीच भक्कम आहे, आणि तिचा एक भाग या जिल्ह्यांशी थेट जोडलेला आहे. फ्रान्सच्या सहकार्याने १२ ऑक्टोबर २०११ रोजी सोडण्यात आलेल्या ‘मेघा-ट्रॉपिक्स-१’ या हवामान-उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी वीस अंशांचा कोन करणारी होती, म्हणजे तो वीस अंश उत्तर ते वीस अंश दक्षिण या पट्ट्यातच फिरत असे. कललेल्या कक्षेतील वस्तू आपल्या मार्गाच्या उत्तर व दक्षिण टोकांपाशी अक्षांशाच्या दृष्टीने सर्वांत जास्त वेळ रेंगाळते, हा भूमितीचा साधा नियम आहे. चंद्रपूर शहर वीस अंशांच्या जेमतेम खाली आहे. राजुरा, अहेरी, भामरागड, सिरोंचा हे भाग तर पूर्णपणे त्या पट्ट्यात येतात. सुमारे एक टन वजनाचा हा उपग्रह काम संपल्यावर तसाच सोडून दिला असता, तर तो शंभराहून अधिक वर्षे वर राहिला असता आणि मग केव्हातरी, कोठेतरी, कदाचित याच पट्ट्यातील एखाद्या जंगलावर उतरला असता. इस्रोने तसे होऊ दिले नाही. नियंत्रित अवतरणासाठी त्याची मूळ रचना नसतानाही, टाकीत उरलेल्या सुमारे सव्वाशे किलो इंधनाचा वापर करून त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली आणि ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागराच्या निर्जन भागावर उतरवण्यात आले. चंद्रपूरच्या लोकांना या कामाची फारशी माहिती नाही, परंतु त्याचे ऋण या पत्रात नोंदवणे आवश्यक आहे.

मात्र मेघा-ट्रॉपिक्स आज्ञा ऐकत होता आणि त्याच्यापाशी इंधन होते. कक्षेतील बहुतेक कचरा मेलेला आहे. तो आज्ञा ऐकत नाही आणि त्याच्यापाशी स्वतःला खाली आणण्याचे साधन नाही. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरहून मोठे सुमारे बारा लाख तुकडे पृथ्वीभोवती फिरत आहेत. दोन मोठ्या वस्तू आदळल्या की त्यांतून हजारो नवे तुकडे निर्माण होतात, त्यांतून पुढील टकरींची शक्यता वाढते आणि ही साखळी एका मर्यादेनंतर आपोआप वाढत जाते, असा इशारा अमेरिकी शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच दिला होता. १० फेब्रुवारी २००९ रोजी ‘इरिडियम ३३’ हा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा मृत उपग्रह एकमेकांवर आदळले, तेव्हा तो प्रत्यक्षात उतरल्याचे जगाने पाहिले. या साखळीचे मूळ तोडायचे, तर मोठ्या मृत वस्तू वर जाऊन पकडाव्या लागतील व त्यांना समुद्रावर नेऊन उतरवावे लागेल, आणि हे काम माणसाला पाठवून करणे अति धोक्याचे व अति खर्चाचे असल्याने ते यंत्रमानवाच्याच वाट्याचे आहे.

या दिशेने इस्रोने उचललेले पाऊल म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने दोन उपग्रहांची कक्षेत जोडणी करण्याच्या ‘स्पेडेक्स’ मोहिमेसाठी प्रत्येकी २२० किलोंचे दोन उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ती जोडणी यशस्वी झाली. त्या अग्निबाणाचा चौथा टप्पा मात्र कचरा म्हणून सोडून देण्यात आला नाही. त्याला ‘पोएम-४’ या नावाने फिरत्या प्रयोगशाळेचे रूप देऊन त्यावर २४ प्रयोग बसवण्यात आले. त्यांपैकी एका बंदिस्त पेटीत चवळीचे बी अंकुरून त्याला पाने फुटली आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र पोचली. दुसऱ्या प्रयोगात सात सांध्यांचा एक यांत्रिक हात टप्प्याच्या पृष्ठभागावर एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर आपली पकड बदलत सरकला. तिसरा प्रयोग तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा होता. त्याचा विषय, दोरीने बांधलेली वस्तू कचरा मानून ती यांत्रिक हाताने पकडणे, हा होता. जी गोष्ट लाडबोरीत कड्याच्या रूपाने येऊन पडली, ती अग्निबाणाचा शेवटचा टप्पाच होती. तशाच शेवटच्या टप्प्याला इस्रोने कचरा पकडणाऱ्या हाताची कार्यशाळा बनवले. काम संपल्यावर या टप्प्याची कक्षा ४७५ किलोमीटरवरून ३५० किलोमीटरवर आणली गेली, उरलेले इंधन सोडून देण्यात आले आणि ४ एप्रिल २०२५ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला.

या हाताचे काम किती अवघड आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. कक्षेतील मृत टप्पा सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो, म्हणून पकडणाऱ्या यानाला प्रथम त्याच कक्षेत जाऊन दोहोंमधील सापेक्ष वेग शून्यावर आणावा लागतो. त्यानंतरही तो टप्पा स्वतःभोवती गडगडत असतो आणि त्याला धरण्यासाठी कोणी मूठ बसवलेली नसते. हाताच्या मनगटाजवळील कॅमेरा त्या वस्तूची चित्रे सतत घेतो, संगणक त्या चित्रांवरून ती पुढील काही सेकंदांत कोठे व कोणत्या बाजूने वळलेली असेल याचे गणित करतो, आणि सांध्यांतील मोटारी हाताला त्या भावी जागी नेतात. डोळ्यांनी पाहत हालचाल दुरुस्त करत जाण्याच्या या पद्धतीला दृश्य-नियंत्रण म्हणता येईल. सूर्यप्रकाशातील बाजू डोळे दिपवणारी आणि सावलीतील बाजू पूर्ण काळी असल्याने कॅमेऱ्याची फसगत होते. शिवाय तरंगत्या डोंग्यात बसून पाण्यातला जड ओंडका ओढणाऱ्याचा डोंगा जसा ओंडक्याकडे सरकतो, तसे हात हलला की ज्या यानावर तो बसवलेला आहे ते यानही उलट दिशेने वळते, आणि ही उलट हालचाल आधीच गणितात धरावी लागते. जमिनीवरील केंद्राशी संपर्क एका फेरीत काही मिनिटांचाच मिळत असल्याने अखेरचा निर्णय यंत्रानेच घ्यावयाचा असतो. दोरीने बांधलेली वस्तू पकडणे ही या विद्येची पहिली इयत्ता आहे. मोकळी, गडगडणारी आणि टनभर वजनाची वस्तू पकडणे ही तिची खरी परीक्षा.

जगात इतरांनी या परीक्षेची तयारी सुरू केली आहे. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘रिमूव्ह-डेब्री’ मोहिमेने सप्टेंबर २०१८ मध्ये जाळे टाकून आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये भाला मारून लक्ष्य पकडण्याचे प्रयोग केले. जपानच्या ‘अॅस्ट्रोस्केल’ कंपनीचे ‘अॅड्रास-जे’ यान फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि २००९ पासून कक्षेत पडून असलेल्या सुमारे तीन टनांच्या जपानी अग्निबाण-टप्प्याच्या पंधरा मीटर जवळ गेले. त्या टप्प्याला यांत्रिक हाताने धरून खाली आणण्यासाठी पुढील यान योजले आहे. युरोपीय अंतराळ संस्थेने ‘क्लिअरस्पेस-१’ या मोहिमेसाठी २०२० मध्ये करार केला. परंतु ज्या भागाला पकडायचे ठरले होते, त्यालाच २०२३ मध्ये दुसरा कचरा आदळल्याचे दिसून आले आणि पुढे लक्ष्य बदलावे लागले. या कामात उशीर केला की काम आणखी अवघड होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे योग्य होईल. पहिला आक्षेप असा की, लाडबोरीचा टप्पा अशा हाताने पकडता आला असता काय? याचे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. तो ज्या लांबट कक्षेत होता तिचे पृथ्वीजवळचे टोक खाली असल्याने तो सुमारे चौदा महिन्यांतच आपोआप घसरत आला, आणि अशा प्रत्येक टप्प्यामागे वेगळा यंत्रमानव धाडणे परवडणारे नाही. नव्या टप्प्यांसाठी खरा उपाय म्हणजे शेवटच्या क्षणी इंजिन पुन्हा चालवून त्यांना ठरल्या समुद्रावर उतरवणे हाच होय, आणि २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचा जो संकल्प इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला, तो सरकारी व खासगी अशा सर्व भारतीय मोहिमांवर काटेकोरपणे लागू झाला पाहिजे. यंत्रमानवाचे क्षेत्र दुसरे आहे : सहाशे ते हजार किलोमीटर उंचीवर दशकानुदशके पडून राहिलेले, आज ना उद्या फुटणारे किंवा आदळणारे जुने, जड अवशेष. एक उपाय नवा कचरा थांबवतो, दुसरा जुना उचलतो; दोन्ही एकत्र चालल्याखेरीज आकाश निर्धोक होणार नाही.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. मृत वस्तू पकडू शकणारा हात परक्या राष्ट्राचा चालू उपग्रहही पकडू शकेल, अशी शंका इतर देशांना येणे साहजिक आहे, आणि १९६७ च्या अवकाश करारानुसार निकामी झालेली वस्तूही ती सोडणाऱ्या राष्ट्राच्याच मालकीची राहते, त्यामुळे दुसऱ्याच्या कचऱ्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मार्च २०१९ मध्ये भारताने स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून दाखवला असल्याने ही शंका अधिकच गडद होऊ शकते. तिच्यावर उपाय एकच : मोहिमेचे लक्ष्य, कक्षा आणि दिनांक आधी जाहीर करावेत आणि पहिले लक्ष्य भारताच्या स्वतःच्या मालकीचे निवडावे. पीएसएलव्हीच्या जुन्या उड्डाणांचे चौथे टप्पे आजही वर आहेत. त्यांची मापे, वजन आणि रचना इस्रोला तंतोतंत ठाऊक आहे आणि त्यांना पकडण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. ‘स्पेडेक्स’ने जवळ जाण्याची विद्या मिळवून दिली, ‘पोएम-४’ने हाताचा सराव दिला. चांद्रयान-४ मोहिमेत चंद्रावरचे नमुने आणण्यासाठी आणि २०३५ पर्यंत उभारावयाच्या भारतीय अंतराळ स्थानकासाठीही जोडणी व यांत्रिक हात यांचीच गरज असल्याने, कचरा पकडण्यावर होणारा खर्च या मोहिमांच्या पूर्वतयारीतच जमा होईल.

या पार्श्वभूमीवर चंद्रपूर व गडचिरोलीच्या वतीने संस्थेपुढे तीन मागण्या ठेवल्या जात आहेत. पहिली मागणी अशी की, पीएसएलव्हीचा एक जुना चौथा टप्पा यांत्रिक हाताने पकडून निर्जन समुद्रावर उतरवण्याची स्वतंत्र मोहीम आखावी व तिचे लक्ष्यवर्ष जाहीर करावे.

दुसरी मागणी जमिनीवरील माणसांविषयी आहे. आकाशातून पडलेल्या गोळ्यात निरुपद्रवी हेलियम होते की हायड्राझिन हे अत्यंत विषारी इंधन, हे बाहेरून पाहून कळत नाही. आणि पडलेली अनोळखी वस्तू जवळ जाऊन पाहणे, उचलणे, ठोकून पाहणे ही माणसाची सहज प्रवृत्ती आहे. म्हणून वस्तूला हात लावू नये, तिच्यापासून किती अंतरावर थांबावे, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहावे आणि कोणाला कळवावे, हे सांगणारी साधी सूचनापत्रे मराठीत, तसेच गोंडी व माडियात आणि सिरोंच्याकडे तेलुगूत तयार करून पोलीस पाटील, कोतवाल, वनरक्षक आणि ग्रामसभांपर्यंत पोचवावीत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यावयाचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय करावयाचा, ही रीत घालून दिली आहे; २००९ मध्ये त्याने मिळवलेला सामूहिक वनहक्कही त्याच रीतीचे फळ आहे. अशा गावांना अवकाशाचा विषय जड जाईल, असे मानण्याचे कारण नाही. बेंगळुरू येथे जुलै २०२२ मध्ये सुरू झालेल्या अवकाशसुरक्षा केंद्राने मोठ्या अवशेषांच्या संभाव्य अवतरणाची सूचना जिल्हा प्रशासनालाही द्यावी.

तिसरी मागणी शिक्षणाची आहे. लाडबोरीच्या कड्याचा व गोळ्यांचा जो अभ्यास झाला, तो विद्यार्थ्यांना समजेल अशा मराठीत पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध करावा, आणि शक्य असल्यास मूळ वस्तू किंवा तिची हुबेहूब प्रतिकृती चंद्रपुरात कायमची मांडावी. ‘पोएम-४’वरील २४ प्रयोगांपैकी दहा इस्रोबाहेरील शैक्षणिक संस्था व नवउद्योगांचे होते; पुढील अशा एखाद्या टप्प्यावर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आणि चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः आदिवासी विद्यार्थ्यांना, कचरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा किंवा पकड घेणाऱ्या पंज्याचा छोटा प्रयोग करण्याची संधी द्यावी. ज्या भागाने अवकाशातील कचरा झेलला, त्या भागातील मुलांनी तो पकडण्याची विद्या शिकावी, यात न्यायही आहे आणि देशाचे हितही.

चंद्रावर उतरणाऱ्या यंत्राने भारताची क्षमता जगाला दाखवली. स्वतःचा टाकून दिलेला टप्पा वर जाऊन उचलून आणणारे यंत्र भारताची जबाबदारीची जाणीव दाखवेल, आणि आज कोणत्याही अवकाशसंपन्न राष्ट्रापाशी या दुसऱ्या गोष्टीचीच अधिक उणीव आहे. ती भरून काढण्याचे ज्ञान, माणसे आणि अनुभव इस्रोपाशी आहेत. उरतो तो निर्णय. तो संस्थेने लवकर घ्यावा आणि भारतीय यंत्रमानवाने कक्षेतून उचललेली पहिली वस्तू भारताचीच असावी, अशी या दोन्ही जिल्ह्यांची आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील एक नागरिक